पुरले की पेरले

जिवनबाईबद्दल चांगलं लिहायचं म्हटलं की माझा हात जड होतो. वाईट लिहायला काही सापडत नाही, हे त्याहून मोठं दुखणं. तरी तिच्याबद्दल लिहायचं तर गावात माझ्याइतकं कुणाला जमणार नाही. दोस्त माणसाकडं कधीमधी बघतो, हेवा करणारा रोज बघतो. मी पंधरा वर्षं रोज बघत आलोय.

आमचं गाव औंढा नागनाथहून जवळा बाजारकडं जाताना लागतं. गावाच्या वरच्या अंगाला तांडा आहे. तांड्यावरच्या धर्मसिंगची ही बायको. त्यांचं वावर तीन एकर, माझं पाच, आणि मधे एकच धुरा, म्हणजे सामाईक बांध. धुऱ्याच्या अलीकडं मी, विश्वंभर, चार पिढ्यांचा शेतकरी, बारावी पास. पलीकडं ती, अंगठा लावणारी, चौदा हिवाळे नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेलेली. माती तीच, पाऊस तोच, बियाणं एकाच दुकानातलं. आणि दरवर्षी तिचं सोयाबीन माझ्यापेक्षा वीतभर उंच. आता पोटात दुखणार नाही तर काय होईल?

दिसायला म्हणाल तर काहीच नाही. पन्नाशीची, बुटकी, काटक. चालताना मान खाली. बोलता बोलता मधेच वाकून ढेकूळ उलटं करून बघायची सवय. सुरुवातीला मला वाटायचं हिचं काहीतरी हरवलंय. धर्मसिंगचा गुडघा गेल्यापासून ऊसतोड सुटली आणि तीन एकर एकटी बघते. मी तिला तोंडावर "तुमी" म्हणतो, मनात "तू".

तिचं खरं काम हिवाळ्यात चालतं. बाकीचं गाव सकाळी शेकोटीभोवती हात शेकत बसतं तेव्हा ही रानात फिरते. कोण कुठं दडलंय, हे तिला पाठ असतं. घोरपड कोणत्या बिळात शिरली, वारुळाच्या कोणत्या तोंडाशी सापाची कात पडली होती, ओढ्याच्या गाळात कासव कुठं रुतून बसलंय. "हिवाळ्यात रान मरत न्हाई भाऊ, दडते," असं ती म्हणते. माझ्यासारख्याला ऐकवायला म्हणते की सहज म्हणते, ते मला आजवर कळलेलं नाही.

एकदा हरभऱ्यासाठी नांगरट चालली होती. नांगराच्या तासातून, म्हणजे चरातून, एक बेडूक वर आला, चांगला मुठीएवढा, फुगलेला, डोळे मिटलेला. मी त्याला धुऱ्यावर भिरकावणार, तेवढ्यात ही धुरा ओलांडून आली, बेडूक हातात घेतला, सावलीला खुरप्यानं खड्डा केला, त्यात ठेवला आणि भुसभुशीत माती वर लोटली.

"निजलेल्याला उठवू नये," म्हणाली. "आता उठला तर खाईल काय? पाणी कुठं हाय त्याला?"

माझी बायको मिराबाई डब्यासह तिथंच उभी होती. त्या दिवशी घरी गेल्यावरही तिच्या तोंडी तेच. कसा अलगद उचलला, कशी माती लोटली. मी टायफॉइडनं पंधरा दिवस अंथरुणात होतो तेव्हाही इतकं कौतुक माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

तुराट्यांचा ढीग उचलायच्या आधी ती काठीनं तीनदा ठोकते आणि थांबते. मी एकदा हसलो. तर म्हणाली, "थंडीत सापाला पळता येत न्हाई. जागच्या जागी दबकून राहते. आपला हात पडला की मग चावते. त्याला येळ द्यावा." मी वर हसत राहिलो आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या तुराट्या ठोकायला लागलो. चारदा. तीनदा ठोकलं असतं तर नक्कल दिसली असती.

तर अशी ही बाई. आता गोगलगायीचं सांगतो.

तीनेक वर्षांपूर्वी आमच्या शिवारात मोठ्या शंखाच्या गोगलगायी आल्या. कुठून आल्या कुणास ठाऊक. कुणी म्हणे रोपांबरोबर, कुणी म्हणे खताच्या ट्रॉलीतून. सोयाबीन दोन पानांवर आलं की या येतात आणि कोंब कुरतडून टाकतात. खालच्या अंगाच्या सगळ्यांना दुबार पेरावं लागलं. मलाही. दिवाळी गेली की मात्र त्या दिसेनाशा होतात. बांधाला, दगडाखाली, विटांच्या ढिगात नुसते शंख सापडतात, तोंडावर चुन्यासारखा पांढरा पापुद्रा. आम्ही म्हणायचो, मेल्या, वाळल्या, सुटलो. आणि पुढच्या मृगानंतर पुन्हा तेच. फक्त जिवनबाईच्या वावरात दोन्ही वर्षं दुबार पेरणी नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण मधे तातेरावांची पट्टी आली.

तातेराव गावातले म्हातारे जमीनदार. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ओढ्याकाठी त्यांची सहा एकरांची पट्टी आहे, काळीभोर, गुडघाभर खोल मातीची. माझं वावर मुरमाड. लहानपणापासून त्या पट्टीकडं बघत मी मोठा झालो. पट्टीही माझ्या वावराला लागूनच, ओढ्याच्या अंगाला. आबा आता थकले. पुढच्या दिवाळीनंतर ते नांदेडला लेकीकडं, कोमलकडं, कायमचे जाणार. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तर जिवनबाई आधीच तिथं उभी. आबांनी आम्हा दोघांच्या देखत सांगून टाकलं.

"तुमी दोघंबी मेहनती. मी कुणाला न्हाई म्हणू? येत्या खरिपात तुमचं सोयाबीन दोन पानांवर आलं की मी धुऱ्यावर येऊन बघणार. ज्याचं उभं दिसंल, त्याला पट्टी बटईनं, अर्ध्या पिकावर. दोघांचंबी गेलं तर माझा भाचा हाय डोंगरकड्याचा, भागवत. तो कवाचा मागून राहिला."

जिवनबाई "बराबर हाय आबा," म्हणाली आणि शेरडं सोडायला निघून गेली. मला त्या रात्री झोप नाही. पट्टी मला मिळाली तर आयुष्यात एकदा तरी खोल मातीत पेरेन. आणि तिला मिळाली तर? धुऱ्याच्या पलीकडंही ती आणि ओढ्याच्या अंगालाही ती. मधे माझं पिवळं पडलेलं सोयाबीन. दोन्हीकडून रोज तिचंच हिरवं बघत जगायचं.

दिवाळीनंतर ग्रामपंचायतीत कृषी सहायकाची बैठक झाली. मिराबाई त्या आठवड्यात माहेरी होती, मी एकटाच गेलो. गोगलगायीवर बोलायचं होतं, म्हणून पुढं बसलो. साहेबानं दोन वाक्यं बोलून माईक खाली घेतला आणि म्हणाला, "मी सांगण्यापेक्षा, या शिवारात एकाच शेतकऱ्यानं बंदोबस्त केलाय. जिवनबाई, या. तुम्हीच सांगा."

तिला पुढं खुर्ची दिली. माईक दिला. धर्मसिंग मागं बसून दात काढत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठलो.

"कुठं चाललास विश्वंभर?" कुणीतरी विचारलं.

"बैलाला पाणी पाजायचं हाय," मी म्हणालो.

बैल मी दोन वर्षांपूर्वीच विकले होते. मागून हसणं ऐकू आलं. ती माईकवर काय बोलली ते तांड्यानं ऐकलं, गावानं ऐकलं, पिंपळाखालच्या कुत्र्यांनीसुद्धा ऐकलं असेल. मी ऐकलं नाही.

पौषात मी तिच्यावर पाळत ठेवली. हे काही भूषण नाही, पण लिहायचं तर खरं लिहावं. माझ्या तुरीच्या ओळीत उकिडवा बसून मी बघायचो. ती खुरपं आणि बादली घेऊन धुऱ्यानं गुडघ्यावर सरकायची. दगड उलटा कर, गवताचं बूड उकर, जुन्या तुराट्यांचा बुडखा हलव. पांढऱ्या तोंडाचे शंख बादलीत. मग वावराच्या कोपऱ्यात कमरेएवढा खड्डा. त्यात शंखांचा थर, वर पांढरं काहीतरी, मग माती.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. धुऱ्यावर गेलो. चुन्याची धूळ उडत होती म्हणून तिनं तोंडाला फडकं बांधलं होतं.

"जिवनबाई, काय करून राहिल्या?"

"शंख गोळा करून राहिले भाऊ."

"काहून?"

ती फडक्याच्या आतून म्हणाली, "हे पुरले की पीक येते."

मी ऐकलं, "हे पेरले की पीक येते."

पुरले आणि पेरले. खालचा उकार आणि वरची मात्रा, एवढाच फरक. "काय म्हणल्या?" असं एकदा विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण दोनदा विचारणं म्हणजे तिला गुरू करणं. मी "बरं बरं" म्हणून वळलो.  पंधरा वर्षांचं गुपित माझ्या हाती लागलं होतं!

घरी जाताना मी सगळा हिशोब जुळवला. शंख म्हणजे चुना. चुना जमिनीला चांगला, हे पुस्तकात असतं. मेलेली गोगलगाय म्हणजे खत. खत आणि चुना एकाच डबीत, वर फुकट. म्हणून हिचं पीक वीतभर उंच! मग ती वरून आणखी चुना कशाला टाकते? बाईमाणसाचा भाबडेपणा, मी ठरवलं. शंख आहेत ते चुन्याचेच, त्यावर चुना म्हणजे मिठावर मीठ. आणि सगळे एकाच खड्ड्यात कशाला? मी ते वावरभर पेरणार होतो. तिच्यापेक्षा जास्त आणि तिच्यापेक्षा शहाणपणानं.

मी कामाला लागलो. ओढ्याची दरड, शाळेमागचा विटांचा ढीग, आबांच्या गोठ्याची भिंत, पडीक उकिरडे. पंधरा दिवसांत सात पोती भरली. पोती अंगणात उभी केली तेव्हा मिराबाईनं एक शंख उचलला, नाकाशी नेला, फिरवून बघितला.

"अवो, एवढे मेलेले शंख, आन वास कसा न्हाई?"

"वाळलेत," मी म्हणालो.

"जड लागून राहिले पण. फोडून बघू का एक?"

"ठेव खाली. उगं प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नको."

तिनं ठेवला. बायको बरोबर बोलली की मला जास्त राग येतो, आणि त्या दिवसांत तर ती रोज दुपारी जिवनबाईकडं चहाला जायची.

गंमत म्हणजे गावानं माझी पाठ थोपटली. बैठकीनंतर गावातले पाचपन्नास जण शंख गोळा करायला लागले होते, पण सात पोती कुणाचीच नव्हती. आबा स्वतः काठी टेकत अंगणात आले.

"शाबास विश्वंभर! असं पायजे. चुना हाय न पुरेसा?"

"हाय आबा," मी छाती काढून म्हणालो. मनात म्हटलं, म्हाताऱ्यालाही गुपित माहीत आहे, पण चुन्याचं त्यालाही कळलेलं नाही.

ओढ्याकडून धुऱ्यापर्यंत गेलेला माझा दोन एकरांचा तुकडा हिवाळ्यात रिकामा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी जवळा बाजारचा आठवडी बाजार धरला. त्या दिवशी रानात चिटपाखरू नसतं. तीन बाजार लागले. हातभर अंतरावर तास पाडले. तासात ऊस लावतात तसे शंख ठेवत गेलो, तोंड वर, वितीच्या अंतरानं, आणि वर वीतभर भुसभुशीत माती लोटली. पाठ मोडून गेली. पण शेवटचा शंख झाकला तेव्हा असं वाटलं की आपण पहिल्यांदाच तिच्या पुढं पाऊल टाकलं. मिराबाईला सांगितलं, पोती खड्ड्यात टाकली.

उन्हाळाभर मी खुशीत होतो. धुऱ्यावर जिवनबाई भेटली की विचारायची, "भाऊ, तुमचा खड्डा कुठं हाय?" मी म्हणायचो, "हाय तिकडं." तिचा चेहरा बघून मला आतून गुदगुल्या व्हायच्या. बिचारी, एका खड्ड्यावर समाधानी!

मृग लागला, ओल झाली, आम्ही दोघांनी एकाच दिवशी पेरलं. पाचव्या दिवशी दोन्हीकडं जमीन फुगली. सहाव्या दिवशी कोंब वर. मी चहा टाकून धुऱ्यावर पळालो आणि दोन्ही बाजूंच्या ओळी बघितल्या. सारख्या. नाही, माझ्या थोड्या वर. मी मिराबाईला आणून दाखवल्या. आबांना निरोप धाडला, दोन दिवसांनी या.

आठव्या दिवशी सकाळी गेलो तर ओढ्याकडच्या तुकड्यात सोयाबीन नव्हतं. नुसते देठ. ओळीनं देठ आणि त्यांच्यावर, त्यांच्यामधे, मातीवर, दगडावर, गोगलगायी. एका पावलात दहा. चिकट माग चमकत होते. आधीच्या दोन वर्षांत सगळ्या शिवारात मिळून इतक्या पाहिल्या नव्हत्या. मी ओळीत बसलो. हातात एक उचलली. तीच. पांढरा पापुद्रा गेलेला, ओली, गुबगुबीत, पोट भरलेली. मी सात पोती गोळा केलेली. मी तासात मांडलेली. मी पांघरूण घातलेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्याच्याही पुढचं सांगायचंय.

मी उठून धुऱ्यावर गेलो, आणि दिसलं की त्या धुरा चढून पलीकडं गेल्या आहेत. जिवनबाईच्या धुऱ्याकडच्या आठ-दहा ओळी साफ. आतल्या ओळींतही जागोजागी नुसते देठ. आणि मला बरं वाटलं. माझं सगळं गेलेलं, डोळ्यात पाणी, आणि तरी छातीत कुठंतरी थंडगार बरं वाटलं, की हिचंही गेलं. माणूस किती खाली जाऊ शकतो हे मला त्या सकाळी कळलं, आणि कळूनही ते बरं वाटणं थांबलं नाही.

जिवनबाई आली ती दोन बादल्या आणि गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं घेऊन. बादल्यांत मिठाचं पाणी. तिनं स्वतःच्या ओळींकडं एकदा बघितलं आणि सरळ धुरा ओलांडून माझ्या वावरात शिरली.

"तुमचं बघा आधी," मी म्हणालो.

"उगम इकडं हाय न. इकडं थांबवल्याबिगर तिकडं काय उपेग?"

तिनं गोणपाटं पसरली. त्यांच्याखाली जमा होतात, मग उचलायच्या. तोवर हातानं वेचायला बसली. वेचता वेचता सवयीनं तिनं माती उकरली. तुकड्याच्या त्या कडेला वखर नीट फिरला नव्हता. खुरप्याला एक शंख लागला, अजून झोपलेला. वितीवर दुसरा. मग तिसरा. तोंड वर, सरळ ओळीत. ती थांबली. ओळीवर बोट फिरवत माझ्याकडं बघायला लागली.

"भाऊ, ह्या ओळीत कशा निजल्या?"

  मी म्हणालो, "तुमीच म्हणल्या होत्या. पेरले की पीक येते."

"पेरले?" ती म्हणाली. मग तिचे डोळे मोठे झाले. "अवो पुरले म्हणले मी! पुरले! चुन्यात पुरले!"

आणि ती हसायला लागली. खुरपं टाकून, ढेकळात बसून, पदर तोंडाला लावून हसली. मला वाटलं जमीन दुभंगावी. हसणं ओसरल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमचीबी चूक न्हाई. मीबी अशीच फसले व्हते. ऊसतोडीवरून एक शंख आणला, माझ्या लेकीला, पुजाला, खेळायला. फळीवर ठेवला. पाडवा गेला, रामनवमी गेली, पडून. मेलेलाच समजले. आन मिरगात बघते तर भितीवर चालून राहिला! कॅलेंडर कुरतडलं त्यानं, पार एकादशीपत्तर. तवा समजलं. हे मरत न्हाईत, दार लावून निजतेत. निजलेले हायेत तवरच हाती लागतेत."

"बेडकाला तर उठवू नये म्हणल्या होत्या."

"बेडूक किडे खाते. हे आपलं ताट खातेत. ह्याला निजेतच पुरावं लागते," ती म्हणाली आणि पुन्हा वेचायला लागली.

माझा हेवा त्या वेळी कमी व्हायला हवा होता. झाला नाही. बारावी पास मी, आणि हिच्या घरी भिंतीवर चाललेल्या एका किड्यानं हिला जे शिकवलं ते मला पुस्तकानं शिकवलं नाही. तिच्या भिंतीचासुद्धा हेवा वाटला.

तेवढ्यात आबा आले. मीच निरोप धाडला होता. काठी टेकत धुऱ्यावर उभे राहिले. आधी माझ्याकडचे देठ बघितले, मग तिच्याकडच्या खाल्लेल्या ओळी, मग पुन्हा माझ्याकडचे.

"विश्वंभर, तू तर सात पोती पुरली व्हती न?"

 उत्तर जिवनबाईनं दिलं. वेचता वेचता, वर न बघता.

"ओढ्याकडून आल्या असतीन आबा. गोगलगायीला काय धुरा समजते?"

"आन तुझ्याकडं? तुझ्याकडं तर कवाच नव्हत्या."

"औंदा आल्या. नशीब."

आबांनी काठी बगलेत धरली. मग खिशातून फोन काढला. "मंग दोघांचंबी गेलं. मी शब्द दिला व्हता, दोघांचं गेलं तर भागवतला. त्याला सांगतो. माझाबी इलाज न्हाई."

जिवनबाईनं तेव्हा फक्त एकदा पट्टीकडं बघितलं. ओढ्याकाठची काळी माती, सकाळचं ऊन त्यावर. मी तिच्याकडं बघत होतो, म्हणून मला ते दिसलं. पंधरा वर्षांत तिला काही हवं असलेलं मी पहिल्यांदा बघितलं. आणि मग ती पुन्हा खाली वाकली. माझ्याच वावरातली गोगलगाय उचलून मिठाच्या पाण्यात टाकली. 

मी गप्प राहिलो असतो तर सगळं झाकलं जाणार होतं. पट्टी भागवतला. माझी मूर्खपणाची गोष्ट मातीत. आणि मुख्य म्हणजे तिला पट्टी नाही. दोन्हीकडून तिचं हिरवं बघायचं माझं संकट टळलेलं. दसऱ्यापासून मी जे मागत होतो त्यातलं अर्धं मला आयतं मिळत होतं. पण तेच मला सलायला लागलं. तिचं पीक उंच, तिचं नाव साहेबाच्या तोंडी, माझी बायको तिच्या चहाला. हे सगळं मी कसंबसं गिळलं होतं. आता मोठेपणही तिचंच? माझी लाज झाकून, स्वतःची जमीन घालवून, वर माझंच रान वेचत बसणार? आणि मी जन्मभर तिच्या उपकाराखाली वाकून चालणार? ते मला सहन होणं शक्य नव्हतं.

"आबा, फोन ठेवा," मी म्हणालो.

 मी ओळीतला झोपलेला शंख काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"ओढ्याकडून कुणी आलं न्हाई. मी पेरल्या. सातही पोती, तासात मांडून. मला वाटलं, बाई शंख पेरते म्हणून तिचं पीक येते. तिचं जे गेलं ते माझ्यामुळं गेलं."

आबा शंखाकडं बघत राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं खोकला आला, मग कळलं हसतायत. सत्तरी ओलांडलेला माणूस धुऱ्यावर बसून हसला. ती गोष्ट दुपारपर्यंत तांड्यावर गेली, दुसऱ्या दिवशी जवळा बाजारात. आजही कुणी भेटलं की विचारतं, "विश्वंभर, औंदा काय पेरलं?"

हसून झाल्यावर आबांनी फोन खिशात टाकला. "जिवनबाई, पट्टी तुझी. दिवाळीला ये, सीमा दाखवतो." आणि काठी टेकत निघून गेले.

ती बादली घेऊन तशीच उभी होती. आनंद झाला असेल, पण तो तिनं माझ्यासमोर दाखवला नाही. तेही मला खुपलं. थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमी काहून बोलले? मी गप होते न."

"तुमी गप होत्या म्हणूनच," मी म्हणालो.